दुसरा पंख

दादा शिकायला परदेशी गेला तेव्हा आमच्या घरात एका पंखाचं विमान होतं. बेंगळुरात, चामराजपेटेत आम्ही एका वठारात राहत होतो. मधे सामाईक अंगण, अंगणात नळ आणि विहीर, भोवती भाडेकरूंची घरं. आमचं घर टोकाचं, त्यामुळे मागची पडवी आमच्या एकट्यांच्या वापरात होती. त्या पडवीत पत्र्याखाली विमानाचं धड उभं होतं. लाकडी, अरुंद, एका माणसापुरतं. नाकावर लष्करी भंगारातून आणलेलं दोन सिलिंडरचं इंजिन, खाली दोन चाकं. उजवा पंख तयार होऊन पोत्यांत गुंडाळून भिंतीला टेकवलेला होता. डाव्या पंखाचं नुसतं लाकूड माळ्यावर पडलेलं. उन्हाळ्यात दुपारचं ऊन पडवीत आलं की आई त्या धडावर जुनं धोतर पसरून सांडगे वाळत घालायची, आणि शेजारणी विचारायच्या, की हे असंच राहणार का. आई म्हणायची, सांडगे चांगले वाळतात.

विमानाचे नकाशे दादाने टपालाने मागवले होते. घरच्या घरी, सुताराच्या हत्यारांनी, कमीत कमी खर्चात बांधता येईल असं छोटं विमान, असं त्यावर लिहिलेलं होतं. सुरुवातीला त्याचे दोघे मित्रही यायचे, पण रंधा मारून हाताला फोड आल्यावर ते यायचे बंद झाले. मग मी राहिले. लाकडाचं दुसरं टोक धरायचं, सरस वाळेपर्यंत पट्ट्या दाबून ठेवायच्या, इंचांचे सोळावे भाग मोठ्याने वाचून दाखवायचे, ही माझी कामं. रविवारी दादा मला सायकलवर मागे बसवून गावाबाहेरच्या ग्लायडिंगच्या मैदानावर न्यायचा. तिथे विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकवत. दोरीने ओढून वर सोडलेल्या बिनइंजिनाच्या विमानात मी एकटीने बसायला लागले तेव्हा आईला आम्ही सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

जायच्या आदल्या संध्याकाळी दादाने नकाशांची गुंडाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नीट ठेव. मी परत आलो की दुसरा पंख करू. तोवर तू हात लावू नकोस. चुकलं तर लाकूड फुकट जाईल, आणि तुझी बी.एस्सी. आहे." मी मान हलवली. माझं मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, हे त्या घरात तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आता माझ्या नातवंडांनासुद्धा माहीत आहे.

अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, त्या विमानावर कधीच प्रेम नव्हतं. ते विमानांच्या सरकारी कारखान्यात हिशेबाच्या विभागात होते. सकाळी कारखान्याच्या बसचा भोंगा कोपऱ्यावर वाजला की डबा घेऊन लगबगीने निघायचे आणि संध्याकाळी त्याच बसने परत यायचे. कारखान्यात विमानं बनत आणि घरातही एक विमान अर्धवट पडलेलं, याचीच त्यांना धास्ती. "उद्या कुणी म्हणालं की हे लाकूड, हे खिळे कारखान्यातून आणलेत, तर मी काय तोंड दाखवू?" असं ते आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे. तसं कुणी म्हटलं नाही. पण वरच्या माणसासमोर हात जोडून उभं राहायची त्यांना सवय होती, आणि हात जोडलेला माणूस आधीपासूनच माफी मागत असतो. मी त्यांची टिंगल करत नाही. त्या पगारावर त्यांनी आम्हां दोघांना शिकवलं.

आमचं घर धारवाडकडचं. अण्णांचे वडील नोकरीसाठी बेंगळुरात आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, अंगणात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. सकाळी कॉफीच्या बियांचा वास, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग दिवसभर तिच्या पायमशीनची घरघर. शेजारपाजारच्या बायकांची पोलकी ती शिवायची. रामनवमीच्या दिवसांत मैदानातल्या मांडवातून संध्याकाळी गाणं ऐकू यायचं, तेव्हा मात्र आई मशीन थांबवून खिडकीशी उभी राहायची. चटणीपूड, ताकातलं सार, ज्वारीची भाकरी आणि रविवारी उप्पिट, असं आमचं खाणं. या सगळ्यात विमान कुठे बसत होतं ते मला सांगता येणार नाही. ते होतं, जसं एखाद्या घरात लग्न न झालेला काका असतो.

दादा गेल्यावर वठाराचे मालक नंजुंडय्या आईकडे आले. त्यांची उपाहारगृहं होती, आणि चुलीला लाकूड लागायचं. पडवीतलं ते "सामान" ते घेऊन जायला तयार होते, वर जागा मोकळी करून द्यायला तयार होते. मी आतल्या खोलीत पुस्तक पुढे घेऊन बसले होते. आई त्यांना म्हणाली, "मुलगी पुरं करणार आहे ते."

मी बाहेर आले. नंजुंडय्या माझ्याकडे बघून हसले आणि "सरी अक्का", म्हणजे बरं ताई, असं आईला म्हणून निघून गेले. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, "गच्चीवर अभ्यास करते म्हणून जातेस आणि केसांत लाकडाचा भुसा घेऊन खाली येतेस. मला दिसत नाही असं वाटतं का? आता खालीच कर. ऊन लागतं."

खरं होतं ते. मी गच्चीवर पंखाच्या बरगड्या करायला लागले होते. एका फळीवर बरगडीचा आकार काढायचा, त्याभोवती लाकडाचे ठोकळे ठोकून साचा करायचा, आणि त्यात बारीक पट्ट्या वाकवून, सरस लावून, वाळेपर्यंत अडकवून ठेवायच्या. सगळ्या बरगड्या अगदी सारख्या हव्यात. पहिल्या कितीतरी मी मोडून टाकल्या. पावसाळा आला तसं काम दिवाणखान्यात आलं, आणि पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा पसरला. सरस दुधापासून केलेल्या पुडीचा असायचा, पाण्यात कालवला की नासक्या दह्याचा वास यायचा. अण्णा जेवायला बसायचे ते पंखाला वळसा घालून. ताटावर बसताना त्यांचा खांदा पंखाला लागला की असे आकसायचे, जणू साहेबाला धक्का लागला.

कापड चढवायची वेळ आली तेव्हा आई मशीन घेऊन पंखाशेजारी बसली. नकाशात कुठल्याशा विलायती कापडाचं नाव होतं. ते मिळणं शक्य नव्हतं. आम्ही पेटेतल्या दुकानात जाऊन घट्ट विणीचा पातळ मांजरपाट आणला. तो ताणून, वजनं टांगून, भिजवून आणि वाळवून मी आधी परीक्षा घेतली. आईने त्याची पंखाच्या मापाची लांबलचक खोळ शिवली, आणि मग आम्ही दोघींनी मेण लावलेल्या दोऱ्याने ती बरगडी बरगडीला टाचली. ती वरून सुई खुपसायची, मी खालून परत द्यायची. दुपारच्या दुपारी अशा गेल्या. आई त्या दुपारी माझ्याशी जेवढं बोलली तेवढं आधी कधी बोलली नव्हती. नंतरही नाही.

शेवटी त्यावर डोप लावायचं असतं. कापड ताणून ढोलकीसारखं घट्ट करणारं ते एक रोगण. त्याला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास येतो आणि तो डोक्यात चढतो. पहिला हात लावला त्या दिवशी नंजुंडय्या अंगणातूनच ओरडत आले, "अक्का, एनु वासने इदु?" आई दारात उभी राहिली. "स्वल्प दिवस," ती म्हणाली, "मग जाईल वास." वास कुठून येतो ते बघायला ते आत आले आणि त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीला गज नव्हते. दिवाणखान्यात बांधलेला पंख दारातून वळणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खिडकीतून तो सरळ निघेल हे मी मोजून ठेवलं होतं. फक्त गज काढावे लागणार होते, आणि ते मी कुणाला न सांगता काढून ठेवले होते.

"हे घर माझं आहे," नंजुंडय्या म्हणाले.

"खिडकी तुमची आहे," आई म्हणाली. "पंख आमचा आहे. पंख बाहेर गेला की गज परत बसवून देऊ."

"उद्या विमान न्यायला भिंत पाडाल."

"लागली तर आधी विचारू."

ते कपाळावर हात मारून गेले. त्यांनी आम्हांला घर सोडायला मात्र कधीच सांगितलं नाही. त्यांना शेवट बघायचा असावा.

दादा परत आला तो सुट्टीवर. तिकडे त्याला नोकरी लागली होती आणि तो महिनाभरासाठी आला होता. अंगाने भरला होता, बोलताना मधेच थांबून शब्द शोधायचा. पडवीत दोन पंखांचं विमान बघून तो सरळ जवळ गेला. डाव्या पंखाभोवती फिरला, बोटांनी कापडावर टिचक्या मारून बघितल्या, खाली वाकून टाके बघितले. "शरू, हे तू केलंस?"

"आईने आणि मी."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी अजून विसरलेले नाही. आणि मग, चटणी वाढ म्हणावं इतक्या सहज तो म्हणाला, "फार चांगलं केलंस. आता येत्या रविवारी मी उडवून बघतो."

घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. अण्णांना तर हायसं वाटलं. इतकी वर्षं ज्या वस्तूची त्यांना लाज वाटायची, तिची गोष्ट त्यांनी दुसऱ्याच दिवशी कारखान्यात सांगितली: माझा मुलगा स्वतः बांधलेलं विमान उडवणार आहे. रात्री जेवताना त्यांनी ते आम्हांलाही सांगितलं. मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मी उडवणार आहे," मी म्हणाले.

"काही झालं तर?" अण्णा म्हणाले.

"दादाला झालं तर?"

आई सार वाढत होती. दादा समजावणीच्या सुरात म्हणाला, "ग्लायडर वेगळं, शरू. इंजिनाचं विमान वेगळं. मी तिकडे हेच शिकलोय."

"तिकडे तू इंजिनं शिकलास. उडवलंस कधी शेवटचं?"

त्याने भाकरी सारात कुस्करली. अण्णा म्हणाले की आता हा विषय बंद. आमच्या घरी विषय बंद व्हायचे, पण संपायचे नाहीत.

सरकारी परवानगीसाठी मी आधीच अर्ज केला होता आणि त्याला उत्तर नव्हतं. दादा म्हणाला, जमिनीवर नुसतं पळवून बघायला परवानगी लागत नाही. हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, त्यामुळे नुसतं पळवणार नाही हे सगळ्यांना समजलं. रविवारी भल्या सकाळी दोन बैलगाड्यांवर धड आणि पंख लादून आम्ही गावाबाहेर निघालो. आज जिथे एचएसआर लेआउट आहे त्या बाजूला तेव्हा नुसती शेतं आणि तळी होती. एका आटलेल्या तळ्याचा तळ वाळून कडक झाला होता. गेल्या वर्षी माझ्या नातीने मला तिथल्या एका इमारतीत कॉफी प्यायला नेलं. मी खिडकीतून खाली बघून दिशा लावायचा प्रयत्न केला, पण मला बांध कुठे होता तेसुद्धा सांगता येईना.

पंख जोडले, बोल्ट घट्ट केले, दादाने सगळं तपासलं, मी पुन्हा तपासलं. तोवर आसपासच्या शेतातली माणसं, कारखान्यातले अण्णांचे दोघेतिघे सोबती आणि नंजुंडय्यासुद्धा बांधावर येऊन उभे राहिले होते. दादा आत चढून बसला आणि पट्टा बांधायला लागला. मग मला म्हणाला, "पंखा फिरव."

त्या इंजिनाला आपोआप सुरू व्हायची सोय नव्हती. पुढचा लाकडी पंखा हाताने जोरात ओढून फिरवायचा आणि इंजिनाने धरलं की चटकन मागे सरायचं. तिथे ते दादाला आणि मला सोडून कुणाला येत नव्हतं. मी पंख्यासमोर उभी राहिले आणि हात मागे बांधले.

"मी फिरवणार नाही."

"मग कोण फिरवणार?"

"तू. मी आत बसते."

अण्णा पुढे आले. हळू आवाजात म्हणाले, "शरू, लोक बघताहेत."

"बघायलाच आलेत ते, अण्णा."

दादाचा चेहरा लाल झाला. तो चिडलेला मी फार कमी वेळा बघितलाय. "हा हट्ट आहे," तो म्हणाला. "नकाशे मी आणले. सुरुवात मी केली."

"हो. आणि मला हात लावू नकोस म्हणालास."

मी तशीच उभी. आई बैलगाडीच्या कडेला डब्यांपाशी बसली होती. ती उठली, विमानापाशी आली, आणि नुसत्या बोलायच्या आवाजात म्हणाली, "मधू, उतर."

"आई, तिला काही झालं तर..."

"मला कळतं ते. पण तू उडवलंस तर ते तुझं होईल. तू परत जाशील, आणि ही म्हातारी होईपर्यंत सांगत बसेल की मी थोडी मदत केली होती. उतर."

दादा उतरला. त्याला किती जड गेलं ते मला दिसत होतं, आणि तरीही मला त्याची दया आली नाही. त्याने मला आत बसवलं, पट्टा स्वतःच्या हाताने आवळला, त्याचा उडताना घालायचा चष्मा माझ्या डोळ्यांवर घट्ट केला. कानाशी येऊन म्हणाला, "शेपूट वर आली म्हणून घाई करू नकोस. विमानाला स्वतःहून वर उठू दे." मग पुढे जाऊन त्याने पंखा ओढला. तिसऱ्यांदा इंजिनाने धरलं.

त्या प्रवासाबद्दल लोक मला विचारतात तेव्हा त्यांना काहीतरी सुंदर ऐकायचं असतं. मी रागावलेली होते. तळ्याच्या भेगाळलेल्या तळावरून माझे दात एकमेकांवर आपटत होते, बांध समोरून येत होता, आपलं शहर उंचावर, हवा विरळ, त्यामुळे इंजिन कुरकुरत होतं, आणि मी मोठमोठ्याने शिव्या देत होते, मराठीत आणि कन्नडमध्ये. शेपूट वर आली. मी घाई केली नाही. मग आपटणं थांबलं. एवढंच झालं. आवाज तसाच होता, तोंडावर तेलाचे थेंब उडत होते, पण खाली काही आपटत नव्हतं. बांध खालून गेला, त्यावरची माणसं वर तोंड करून उभी, मग नाचणीची शेतं, नारळीच्या झाडांचे शेंडे. मी डावीकडे वळले, माझ्या पंखाच्या बाजूला. तो पंख खाली झुकला, त्यावर ऊन होतं, आणि आतल्या बरगड्यांच्या सावल्या कापडातून दिसत होत्या. राग तेव्हा गेला. मग काय वाटलं ते मला मराठीत सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगायची माझी इच्छा नाही.

उतरताना चुकलं. वेग जास्त होता, चाकं टेकून उडाली, पुन्हा टेकली, आणि तळ्यातल्या म्हशी बसायच्या ओलसर खड्ड्यात उजवं चाक रुतलं. विमान गर्रकन फिरलं, चाक मोडलं, माझं तोंड पुढच्या फळीवर आपटलं. दादा सगळ्यांत आधी धावत आला. मी पट्टा सोडून स्वतः बाहेर आले. ओठ फाटला होता. अण्णा आले ते माझा हात धरून उभे राहिले. आईने पदराने माझा ओठ दाबला आणि विचारलं, "पंख फाटला का?" मी म्हणाले, नाही.

पुढे त्या विमानाला परवानगी मिळाली, पण बऱ्याच उशिरा. ग्लायडिंगच्या मैदानावरून मी ते काही दिवस उडवलं, मग इंजिनाचं आयुष्य संपलं. त्याच मैदानावर मी नंतर पुष्कळ वर्षं मुलामुलींना शिकवलं. पण त्या आधी आमच्याकडे विमान खात्याचे एक अधिकारी आले. रविवारची बातमी शहरभर झाली होती. उंच, शांत गृहस्थ. आमच्या दिवाणखान्यात खुर्चीवर बसले, आईने त्यांना कॉफी दिली. ते इंग्रजीत बोलत होते आणि सगळं दादाला विचारत होते. विनापरवाना विमान हवेत नेणं हा गुन्हा आहे. कुणी नेलं?

"मी," दादा म्हणाला. "सगळी जबाबदारी माझी."

अण्णांनी डोळे मिटले. मी दारात उभी होते. दादाने हे माझ्यासाठी केलं, यात मला आजही शंका नाही. तो सुट्टी संपली की परत जाणार होता, त्याला काही फरक पडला नसता. मला कॉलेजात नोकरी धरायची होती, माझ्या नावावर गुन्हा नको, असं त्याने ठरवलं होतं. हे सगळं मला त्या क्षणी कळलं, आणि मला ते नको होतं.

"तो खोटं सांगतोय," मी म्हणाले. "मी उडवलं. एक पंखही मी बांधलाय."

अधिकारी अण्णांकडे वळून समजुतीने हसले. "भावाला वाचवायला बघतेय," ते म्हणाले.

मी पुढे जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले. माझा ओठ सुजून काळा पडला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दादाच्या ओरखडाही नसलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांचं हसू गेलं.

"शिक्षा होऊ शकते, हे माहीत आहे?"

"होऊ द्या. पण माझी मला होऊ द्या."

त्यांनी कप खाली ठेवला. वर अहवाल पाठवणं त्यांना भाग होतं, तसं त्यांनी सांगितलं. मग अण्णांना नाही, दादाला नाही, मला उद्देशून म्हणाले, "मिस इनामदार, परवानगी मिळेपर्यंत तुम्ही हे विमान पुन्हा उडवायचं नाही."

आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने अण्णांना विचारलं, "काय म्हणताहेत?"

"म्हणताहेत, शरूने हे विमान पुन्हा उडवायचं नाही."

"पुन्हा म्हणाले?"

"हो."

"मग एकदा तिने उडवलं, हे त्यांना मान्य आहे," आई म्हणाली. "बाकीचं आम्ही बघून घेऊ."

अधिकाऱ्यांनी अण्णांना विचारलं की बाई काय म्हणाल्या. मला वाटलं, अण्णा काहीतरी सौम्य सांगतील. काही नाही साहेब, अजून कॉफी हवी का विचारते, असं. जन्मभर ते तसंच करत आले होते. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, खुर्चीत ताठ बसले, आणि आईचं बोलणं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य त्यांनी जरा जोरात सांगितलं.